कापसाच्या खोलीत ८५ अंश

टाकी, कापूस आणि शेतातली वीज यांवर स्वस्त सेन्सरांनी नजर ठेवायचं हे प्रकरण माझ्याच घरचं आहे, त्यामुळे त्यातल्या चुकाही माझ्याच. घर यवतमाळ जिल्ह्यातल्या कळंब तालुक्यात, नागपूर-यवतमाळ रस्ता सोडून आत गेलेल्या एका गावातलं. घरात दोनच माणसं, बाबा ७१ वर्षांचे आणि माय ६५ची. शिवाय एक सालकरी आहे, तो सकाळी येतो आणि दिवेलागणीला जातो. मी नागपूरला इलेक्ट्रॉनिक्स दुरुस्तीचं दुकान चालवतो आणि महिन्यातून दोनदा गावी जातो.

घराची रचना आधी सांगतो, कारण पुढचा अर्धा गोंधळ तिच्यातूनच निघाला. समोर छपरी. तिच्यामागे आजोबांच्या वेळचं मधलं घर, दोन-दोन फूट जाड मातीच्या भिंती आणि वर टिन. त्याच्या मागे नंतर बांधलेल्या विटा-सिमेंटच्या दोन खोल्या, आणि त्यांच्या स्लॅबवर हजार लिटरची काळी टाकी. एका खोलीत मायबाबा झोपतात, दुसरीत दिवाळीनंतर कापूस भरलेला असतो. वाडीत कोठा, त्यात दोन बैल आणि एक गाय. शेत सव्वा किलोमीटरवर, पांदणीनं जावं लागतं.

सुरुवात भांडणापासून झाली. बाबा बोअरची मोटार लावायचे, छपरीत येऊन बसायचे आणि विसरायचे. टाकी भरून वाहायची, पाणी स्लॅबच्या कडेनं शेजारच्या काकूंच्या वाडीत, आणि तिथे त्यांचं कुटार, म्हणजे जनावरांचा भुसा, रचलेलं. २०२३च्या दिवाळीत मी गावी पोचलो तेव्हा काकू भिंतीपलीकडूनच सुरू झाल्या, "तुमची टाकी भरते अन् माहं कुटार भिजते. पोरगं नागपुरात यंत्रं दुरुस्त करते म्हणे, घरचं पाह्य म्हणा त्याले." उत्तर द्यायला माझ्याकडे काही नव्हतं. दुकानात मात्र सेन्सरांचा एक डबा पडून होता.

टाकी

साडेतीनशे रुपयांच्या आत पाण्याची पातळी सांगता येते, असं मी बाबांना सांगितलं. सामान म्हणून ते खरंही होतं. ईएसपी८२६६चं वाय-फाय बोर्ड अडीचशेच्या आसपास आणि एचसी-एसआर०४ हा आवाजाचा सेन्सर शंभराच्या आत. सेन्सर ४० किलोहर्ट्झचा टिक सोडतो, तो पाण्यावर आपटून परत येतो, आणि लागलेल्या वेळावरून अंतर निघतं. झाकणाला भोक पाडलं, सेन्सर बसवला, संध्याकाळी फोनवर आकडा आला. माय म्हणाली, "बरं हाय."

तीन आठवड्यांत सेन्सर मेला. त्याचे दोन्ही डोळे उघडे असतात, आणि टाकीच्या आत रात्री झाकणाखाली दव साचतं. मग पाण्यात चालणारा, वायरीच्या टोकाला एकच डोळा असलेला सेन्सर आणला. तो टिकला, पण त्याची खोड अशी की साधारण २० सेंटिमीटरच्या आतलं त्याला काहीच दिसत नाही. आता गंमत पाहा. मला कळायला हवं होतं टाकी काठोकाठ भरली की नाही ते, आणि नेमक्या शेवटच्या वीस सेंटिमीटरला हा आंधळा. झाकणावर पीव्हीसीचा तुकडा उभा करून त्याला उंच बसवला, तर पाइपाच्या आतल्या भिंतीवरूनच आवाज परतायला लागला. पाइप रुंद घेतला. ते जमलं.

जमलं ते फेब्रुवारीपर्यंत. पुढे एप्रिलमध्ये टाकी अर्धी रिकामी असताना फोन जास्त पाणी दाखवू लागला. मला वाटलं सेन्सर बिघडला. मग डोक्यात प्रकाश पडला की आवाजाचा वेग काही ठरलेला नसतो, हवा तापली की तो वाढतो. शून्य अंशाला सेकंदाला सुमारे ३३१ मीटर, आणि पुढे दर अंशाला साधारण ०.६ मीटरची भर. माझ्या प्रोग्रॅममध्ये २० अंशांचा ३४३ हा आकडा ठोकलेला होता. डिसेंबरच्या पहाटे १२ अंशांना खरा वेग ३३९च्या आसपास, तेव्हा फरक किरकोळ. आमच्याकडे मे महिन्यात बाहेर पारा ४५च्या वर आणि उन्हात काळ्या टाकीच्या आतली हवा ५२ अंश, म्हणजे वेग ३६३च्या जवळ. मीटरभर अंतर साडेचौऱ्याण्णव सेंटिमीटर दिसतं. आमच्या टाकीत एक सेंटिमीटर म्हणजे साडेनऊ लिटर धरा, तर पन्नास लिटर पाणी नुसतं हवेतलं. पुण्यामुंबईच्या माणसानं लिहिलेला प्रोग्रॅम जसाच्या तसा विदर्भात चालत नाही, तो असा.

टाकीत तापमानाचा सेन्सर सोडला आणि वेग त्याच्यावरून काढायला लावला. आकडा पुन्हा बरोबर आला. त्यानंतर आठ दिवसांनी कुंभारीण माशीनं त्या पीव्हीसीच्या तोंडात चिखलाचं घर बांधलं आणि टाकी कायमची 'भरलेली' दिसू लागली. मोटार कोणी लावेना. दुपारी भांडी घासायला पाणी नाही म्हणून माय वर गेली, झाकण उघडलं आणि मला फोन केला. काय बोलली ते इथे लिहीत नाही.

त्या रात्री मी बाबांना विचारलं की त्यांना नेमकं काय पाहिजे. किती लिटर, किती टक्के, कालपेक्षा किती खर्च झाला, यातलं त्यांना काहीच नको होतं. "भरली का नाई, अन् संपत आली का नाई, येवढं सांग. मले त फोनातलं काही दिसत नाई. दिवा लाव एखादा."

मग दोन फ्लोट स्विच आणले, नव्वद रुपयांना एक. फ्लोट स्विच म्हणजे प्लॅस्टिकचा बोंडूक, आत लोहचुंबक आणि काचेच्या नळीतला रीड स्विच. पाण्याबरोबर वर गेला की स्विच लागतो, खाली आला की सुटतो. एक वरती, एक बुडापासून वीतभर. छपरीच्या आढ्याला दोन दिवे लावले, हिरवा आणि लाल. लाल लागला की मोटार लावायची, हिरवा लागला की बंद करायची. आवाजाचा वेग, दव, कुंभारीण, सगळं एका फटक्यात गेलं. पाच महिने मी ज्याच्याशी झटापट करत होतो ते काम एकशेऐंशी रुपयांत झालं.

दिवे लावताना वाय-फायचाही तिढा सुटला. राउटर मधल्या घरात होता आणि मातीची दोन फुटी भिंत २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी गिळून टाकते. पावसाळ्यात भिंतीत ओल आली की आणखीनच. वर टिन, म्हणजे वरूनही वाट बंद. राउटर उचलून छपरी आणि मागच्या खोल्या दोन्ही दिसतील अशा खिडकीत ठेवला. खर्च शून्य. हे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं.

बॅटरी, ऊन आणि एक वीज

सुरुवातीला मी टाकीचा नोड, म्हणजे सेन्सर आणि वाय-फाय बोर्डाची जोडी, १८६५० नावाच्या लिथियम-आयन बॅटरीवर चालवला होता. चिप झोपली की २० मायक्रोअँपिअर खाते, असं तिच्या माहितीपत्रकात आहे. नुसत्या त्या हिशेबानं बॅटरी कित्येक वर्षं जायला हवी. अकरा दिवसांत संपली. मल्टिमीटर लावला तर चिप झोपलेली असतानाही ८ मिलिअँपिअर जात होते. चिप खरोखर झोपली होती, जागं होतं तिच्याभोवतीचं बोर्ड: व्होल्टेज कमी करणारा रेग्युलेटर, यूएसबीची चिप आणि एक निरर्थक लाल एलईडी. २६०० मिलिअँपिअर-तासांची बॅटरी भागिले आठ करा, तेरा दिवस येतात. उरलेले दोन वाय-फायच्या झटक्यांनी खाल्ले. विकत घेताना बोर्डाची किंमत पाहू नका, झोपेतला खर्च पाहा. ब्लूटूथवर चालणारी पडद्याची छोटी तापमापकं या बाबतीत हुशार. नाण्याएवढ्या एका बॅटरीवर ती कित्येक महिने जातात.

आणि उन्हाचं. लिथियम-आयन बॅटरी ४५ अंशांच्या वर चार्ज करू नये, हा साधा नियम. आमच्याकडे सावलीतच ४५ असतं. स्लॅबवरच्या बंद डबीत मी दुपारी दोनला ६१ अंश मोजले. सोलर पॅनल, बॅटरी आणि डबी असा जो संच तयार मिळतो, तो मेमध्ये दुपारी स्लॅबवर बॅटरी चार्ज करतो, म्हणजे नेमका नको तेव्हा. माझी एक बॅटरी फुगली. त्यानंतर स्लॅबवर बॅटरी ठेवलीच नाही. फ्लोटच्या वायरी खाली खोलीत आणल्या आणि नोड घरात घेतला.

या वायरींनीच पुढचा घात केला. जून २०२४, मृगाच्या पहिल्या वादळात वाडीपलीकडच्या बाभळीवर वीज पडली. घरावर नाही, बाभळीवर. तरी टाकीचा नोड आणि कोठ्यापर्यंत वायर ओढलेला दुसरा नोड, दोन्ही गेले. उंचावरून आलेली पंधरा मीटर वायर म्हणजे अँटेनाच. जवळ वीज पडली की तिच्यात झटका उठतो आणि तीन व्होल्टच्या चिपला तो पुरून उरतो. वायर नसलेली, भिंतीला चिकटवलेली ब्लूटूथ तापमापकं मात्र शांतपणे आकडे दाखवत होती. बिनतारी असण्याचा खरा फायदा मला त्या दिवशी कळला, आणि तो जाहिरातीत कुठे लिहिलेला नसतो. आता टाकीच्या वायरीच्या टोकाला ऑप्टोकपलर आहे, म्हणजे तार थेट न जोडता प्रकाशानं निरोप पुढे देणारा भाग, आणि ढग गडगडायला लागले की माय प्लग काढते. ऑप्टोकपलरपेक्षा मायवर माझा भरवसा जास्त.

कोठ्यातल्या नोडबद्दल थोडक्यात. बैलचोरीच्या बातम्या ऐकून मी तिथे माणसाची चाहूल घेणारा पीआयआर सेन्सर लावला होता. तो अंगातून निघणारी उष्णता आणि मागची पार्श्वभूमी यांतला फरक ओळखतो. माणसाची त्वचा ३४-३५ अंशांची. एप्रिलात चार वाजता कोठ्याची भिंतही तितकीच तापलेली, मग फरक कसला? मी त्याच्यासमोरून तीन मीटरवरून सावकाश चालत गेलो, त्यानं हूं की चूं केलं नाही. रात्री भिंत निवली की बैलानं शेपूट हलवलं तरी भोंगा. वीज पडून तो जळला याचं मला वाईट वाटलं नाही. कोठ्याची राखण पूर्वीसारखी कुत्राच करतो.

कापसाची खोली

आता मूळ मुद्द्यावर येतो. २०२४च्या दिवाळीनंतर घरात ३५ क्विंटल कापूस होता. लांब धाग्याच्या कापसाला त्या हंगामात हमीभाव क्विंटलला ७५२१ रुपये, गावात येणारा व्यापारी त्याच्या बराच खाली बोलत होता, आणि बाबांनी ठरवलं, थांबायचं. म्हणजे अडीच लाखांच्या वरचा माल झोपायच्या खोलीला लागून असलेल्या खोलीत. ज्यांच्या घरी कापूस भरलेला असतो त्यांना हे सांगावं लागत नाही: अंगाला खाज, उंदीर, बिडीची भीती, आणि सगळ्यात वाईट म्हणजे ओल. ओला कापूस दाबून भरला की आतून तापतो. आधी पिवळा पडतो, वास मारतो. सीसीआयच्या, म्हणजे सरकारी कापूस महामंडळाच्या, केंद्रावर ८ टक्के ओलावा धरून भाव मिळतो, त्याच्यावर १२ टक्क्यांपर्यंत कपात, आणि १२च्या पुढे माल घेतच नाहीत.

बाबा कापसाच्या ढिगात हात खुपसून बघायचे. कोपरापर्यंत. ढीग सात फूट उंच.

मी चार फुटी पीव्हीसीच्या तीन नळ्या घेतल्या, भोकं पाडली, आणि प्रत्येकीच्या टोकाला डीएस१८बी२० हा स्टीलच्या टोपीतला तापमानाचा सेन्सर बसवला. हा सेन्सर मला फार आवडतो. उणे ५५ ते १२५ अंशांपर्यंत मोजतो, रोजच्या वापराच्या टप्प्यात अर्ध्या अंशाची चूक, आणि प्रत्येकाच्या पोटात स्वतःचा ६४ बिटांचा क्रमांक असल्यानं एकाच तारेवर कितीतरी लावता येतात. बाजारात नकली फार आहेत, तेव्हा घरी आणल्यावर बर्फाच्या पाण्यात आणि हातात धरून पाहायचं. तीन नळ्या ढिगात तीन ठिकाणी खुपसल्या. नोड आणि अडॅप्टर खोलीच्या बाहेर, खिडकीतून फक्त पाच व्होल्टच्या बारीक तारा आत. कापसाच्या खोलीत २३० व्होल्ट न्यायचं नाही, हे एक पथ्य मी कसोशीनं पाळलं. धुरासाठी लोक एमक्यू-२ नावाचा स्वस्त सेन्सर लावतात. त्याच्या आत हीटर सतत तापलेला असतो. कापसात तापलेली वस्तू ठेवून आगीची राखण करणं मला पटलं नाही. शिवाय मायनं फोडणी दिली तरी तो बोंबलतो.

हवेतल्या आर्द्रतेसाठी वेगळा सेन्सर होता. कापसाच्या तंतूंनी तो बुजला, म्हणून मलमलच्या फडक्यात गुंडाळून टांगला. त्याचा आकडा खरा की खोटा हे तपासायची एक स्वस्त युक्ती आहे. डबीत साधं मीठ घ्या, पाण्याचे थेंब टाकून चिखलासारखं ओलं करा, सेन्सरसकट हवाबंद डब्यात रात्रभर ठेवा. सकाळी आत बरोबर ७५ टक्के आर्द्रता असते. माझा ८१ दाखवत होता. सहा वजा केले, काम झालं.

हे सगळे आकडे एका जुन्या लॅपटॉपवर जमा होतात. त्यावर होम असिस्टंट हे फुकटचं सॉफ्टवेअर आहे. लॅपटॉप घेतला कारण त्याची स्वतःची बॅटरी असते, वीज गेली तरी तास-दीड तास तग धरतो. नोड आणि लॅपटॉप यांच्यात निरोप जातात ते एमक्यूटीटी या पद्धतीनं. ती १९९९ साली तेलाच्या पाइपलाइनींवर नजर ठेवण्यासाठी बनली, जिथे उपग्रहाची जोडणी महाग आणि अधूनमधून तुटणारी असायची. आमच्या गावच्या नेटला तिचा स्वभाव बरोबर मानवला.

डिसेंबरातली एक रात्र. सव्वादोनला माझा फोन किंचाळला. कापसाची खोली, नळी क्रमांक दोन: ८५ अंश.

मी नागपुरात, कापूस कळंबात. बाबांना फोन लावला. आठव्या रिंगला उचलला. "बाबा, कापूस पाहा, आग हाय वाटते." पलीकडे फोन खाटेवर पडल्याचा आवाज, मायचा आवाज, कडी काढल्याचा आवाज. मग बराच वेळ काही नाही. मी गाडीची किल्ली शोधत होतो. शेवटी बाबा फोनवर आले, धापा टाकत. अनवाणी धावले होते, उंबऱ्याला अंगठा फुटला होता. "थंड हाय रे बाप्पा कापूस. बर्फावानी हाय."

दुसऱ्या दिवशी मी नोंदी काढल्या. २३.५, २३.५, ८५.०, २३.५. मधे दुसरं काहीच नाही. कोणतीही गोष्ट एका मिनिटात साडेतेवीसवरून पंच्याऐंशीवर जाऊन पुढच्या मिनिटाला परत येत नाही, एवढं मला रात्री दोन वाजता सुचलं नाही. कारण असं. डीएस१८बी२० चालू होतो तेव्हा त्याच्या स्मृतीत पहिलं मोजमाप होईपर्यंत ८५ हा आकडा बनवतानाच भरलेला असतो. गावात रात्री वीज क्षणभर झपकली, सेन्सरचा पुरवठा तुटून पुन्हा आला, आणि मोजमाप व्हायच्या आत नोडनं विचारलं. त्यानं त्याच्या परीनं प्रामाणिक उत्तर दिलं. हे त्याच्या माहितीपत्रकात छापलेलं आहे, मी वाचलेलंही होतं. तार सुटली तर बरेच प्रोग्रॅम उणे १२७ दाखवतात, तसाच हा दुसरा सांकेतिक आकडा. तेव्हापासून ८५.० आणि -१२७ हे दोन आकडे मी फेकून देतो, आणि सलग पाच मोजमापांत वाढ दिसल्याशिवाय भोंगा वाजत नाही. बाबांच्या अंगठ्याचं नख महिनाभर काळं होतं.

पण त्याच नळ्यांनी पुढे काम केलं. जानेवारीत पहिली नळी २४, दुसरी २४, आणि मागच्या भिंतीकडची तिसरी २६. दुसऱ्या दिवशी २८, मग ३१, मग ३३. ही चढण खरी होती, हळू आणि एका दिशेनं. या वेळी मी बाबांना रात्री उठवलं नाही, सकाळी सांगितलं. सालकऱ्यानं आणि बाबांनी मागचा कोपरा मोकळा केला. भिंतीलगत दोन हातांवर कापूस गरम, दमट, आंबूस वासाचा. वर पाहिलं तर टाकीचा पाइप स्लॅबमधून ज्या जागी उतरतो तिथला सांधा पाझरत होता आणि पाणी भिंतीच्या आतून थेंबथेंब खाली. क्विंटलभर कापूस पिवळा पडला होता, तो वाडीत ताडपत्रीवर वाळवला आणि वेगळा विकला. बाकीचा चौतीस वाचला. ढिगात कोपरापर्यंत हात घालून तो कोपरा बाबांना सापडला नसता. हे मी म्हणत नाही, ते म्हणाले.

थ्री फेज

शेतातल्या मोटारीची वीज काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री असते. रात्रपाळी आली की गहू-हरभऱ्याच्या दिवसांत बाबा रात्री दोनतीनदा उठून पांदणीकडे बघायचे, दूरच्या खांबावरचा दिवा लागला का म्हणून. वीज येताच मोटार सुरू करणारा ऑटो स्टार्टर आहे, पण सगळं त्याच्यावर सोडायला बाबा राजी नाहीत. विहिरीत पाणी नसताना मोटार सुरू झाली तर जळते. त्यांना फक्त वीज आल्याचं घरी कळायला हवं होतं.

सव्वा किलोमीटरवर वाय-फाय जाणार नाही. इथे लोरा रेडिओ वापरला. तो माहिती अगदी हळू पाठवतो पण दूरपर्यंत, आणि भारतात ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात कमी शक्तीचा रेडिओ विनापरवाना चालतो. घेताना तो पट्टा बघून घ्या. नोडला बॅटरीच नाही: मोटारीच्या पेटीत एक मोबाइलचा अडॅप्टर, त्याला नोड. वीज आली की नोड जागा होतो आणि दर मिनिटाला 'आहे' म्हणतो. गप्प झाला की वीज गेली. छपरीत तिसरा दिवा, पिवळा. तूर डोक्याएवढी वाढलेली असताना निरोप गळायचे. घरच्या बाजूची अँटेना बांबूवर चढवली, मग आले.

पहिल्याच आठवड्यात दिवा लागला, बाबा काठी-टॉर्च घेऊन गेले, मोटार उठेना. मोटारीला लागणाऱ्या तीन फेजांपैकी एकच आली होती, आणि नोड नेमका तिच्यावर. थंडीत, रानडुकरांच्या वाटेनं जाऊनयेऊन अडीच किलोमीटर फुकट. ती चूक गावातल्या वायरमननं सुधारली: प्रत्येक फेजवर एक असे तीन रिले (वीज आली की ओढले जाणारे स्विच), त्यांचे संपर्क एकामागोमाग जोडलेले, तिन्ही ओढले गेले तरच अडॅप्टरला वीज. त्या पेटीत मी स्वतः हात घातला नाही. तुम्हीही घालू नका.

मायनं काढलेला सेन्सर

एक गोष्ट मी कोणाला न विचारता केली होती. मागच्या दाराला दहा रुपयांच्या चुंबकाचा दरवाजा-सेन्सर लावला होता. मायला गुडघ्याचा त्रास, रात्री वाडीत जाताना पडली तर कळावं म्हणून. दार उघडून दहा मिनिटं बंद झालं नाही तर मला निरोप. दोनदा निरोप आला, दोनदा मी फोन केला. दुसऱ्यांदा ती गायीला पाणी पाजत होती.

पुढच्या खेपेला गेलो तर सेन्सर देवळीत काढून ठेवलेला. "तू नागपुरातून मोजतं का, मी रातच्याला किती खेपा उठतो थे?" (आमच्याकडे बायाही 'मी उठतो'च म्हणतात.) मी काळजीचं काहीतरी बोललो. ती म्हणाली, "काळजी हाय त घरी ये." त्यावर बोलण्यासारखं काही नव्हतं. तो सेन्सर आता कापसाच्या खोलीच्या दाराला आहे, तिच्या परवानगीनं. तिनं स्वतः मागून घेतलेली एकच वस्तू म्हणजे पडद्याचं ब्लूटूथ तापमापक. त्यावरची आर्द्रता साठच्या वर गेली की ती कूलरचं पाणी बंद करून नुसता पंखा चालू ठेवते, कारण हवाच ओली असेल तर कूलर गार करत नाही, चिकट करतो. हे मी सांगितलं नव्हतं, आकडे बघून तिनंच ताडलं.

हिशेब

दीड वर्षात एकूण ६४०० रुपये गेले, जुना लॅपटॉप धरलेला नाही. त्यातले जळलेले, मेलेले, फुगलेले आणि काढून टाकलेले साधारण २७००चे. चालू आहे ते असं: दोन फ्लोट आणि त्यांचे दिवे, कापसातल्या तीन नळ्या, आर्द्रतेचा सेन्सर, शेतातला लोरा, खोलीचं दार, मायचं तापमापक. माझ्या फोनवर आता एकच भोंगा येतो, कापसाचा. बाकी सगळं छपरीतच संपतं, नेट असो वा नसो.

मागच्या पंधरवड्यात हिरवा दिवा उडाला. बाबांच्या लक्षात आलं नाही. टाकी भरली, मोटार चालूच. भिंतीपलीकडून काकूंची हाक आली, "ओ बाप्पा, तुमचा हिरवा नाई लागला आज. पाहा बरं, भरली असंन." बाबांनी धावत जाऊन मोटार बंद केली. दिवा बदलायला मी गेलो तेव्हा काकू भिंतीशी उभ्याच होत्या. म्हणाल्या, छपरीतला दिवा त्यांना वाकून बघावा लागतो, त्यांच्या बाजूनं दिसेल असा एक लावून दे. नागपूरहून येताना होल्डर आणायचा आहे, आणि हिरवे बल्ब दोन.